वाचक विचारतात : कावासाकी नक्की बनवते तरी काय?

मागच्या अंकात बुलेट ट्रेनवर छोटं टिपण होतं, त्यात कावासाकीचं नाव जाता जाता आलं आणि त्यावरून इतके प्रश्न आले की या वेळचं सदर अख्खं त्याच कंपनीला दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही थोडे छोटे केलेत.

आमच्या घरी वडिलांची कावासाकीची केबी १०० ही बाइक होती, अजून गोठ्यात उभी आहे. तीच कावासाकी बुलेट ट्रेन बनवते का, की नावं सारखी आहेत? (एक वाचक, कोल्हापूर)

तीच. कावासाकी हेवी इंडस्ट्रीज, मुख्य ठिकाण कोबे. आपल्याकडे हे नाव मोटरसायकलवर आलं म्हणून आपल्याला ती बाइकवाली कंपनी वाटते, पण जपानमध्ये ती आधी जहाजवाली आहे, मग रेल्वेवाली, मग विमानवाली, आणि बाइक या सगळ्यांच्या खूप नंतर आली. जहाजं, पाणबुड्या, शिन्कान्सेनचे म्हणजे जपानी बुलेट ट्रेनचे डबे, न्यूयॉर्कच्या सबवेचे डबे, विमानाचे भाग, हेलिकॉप्टर, गॅस टर्बाइन, कारखान्यातले रोबो, एक्स्कॅव्हेटरमधले हायड्रॉलिक पंप, बोगदे खोदायची मशिनं, हे सगळं एकाच घरातलं. इंग्लंड-फ्रान्समधला समुद्राखालचा बोगदा खणायला फ्रान्सच्या बाजूनं जी मशिनं लावली होती त्यातलीही काही यांचीच.

आणि ही खाती नुसती एका छपराखाली नाहीत, एकमेकांना उपयोगी पडतात, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २०१५ साली त्यांनी निंजा एच-२ आणली, ९९८ सीसीची, सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र लावलेली. बाइकला बसेल असा सुपरचार्जर बाहेरून घ्यायचा तर जुळवाजुळव करत बसावं लागलं असतं, पण यांच्याकडे गॅस टर्बाइनवाले आहेत ज्यांचा जन्म फिरत्या पात्यांवर काम करण्यात गेलाय, त्यांनी तो घरातच बनवला, हवा कशी कापायची ते विमानवाल्यांनी बघितलं. त्याच गाडीची ट्रॅकवरची आवृत्ती एच-२ आर, तिच्यावर २०१६ च्या जूनमध्ये तुर्कस्तानच्या केनान सोफुओग्लू या रेसरनं उस्मान गाझी पुलावर ४०० किलोमीटरचा वेग गाठला, २६ सेकंदात. गंमत म्हणजे तो पूल बांधण्यात आयएचआय ही दुसरी जपानी हेवी इंडस्ट्री होती.

तुमच्या वडिलांच्या गाडीकडे पुढे येतोच.

कंपनी सुरू कुणी केली? टाटांसारखं घराणं आहे का त्यांचं? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे)

कावासाकी शोझो. हा कागोशिमाच्या कापड व्यापाऱ्याचा मुलगा, सतरा वर्षांचा असताना नागासाकीला गेला, कारण परदेशी लोकांशी व्यापार करायला उघडं असलेलं तेव्हा ते एकच बंदर. पुढे ओसाकात स्वतःचा जहाजी वाहतुकीचा धंदा टाकला, तर वादळात मालाचं जहाज बुडालं आणि धंदाही बुडाला. नंतर र्‍युक्यू या जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवरच्या साखरेच्या व्यापारात शिरला, सरकारसाठी त्या बेटांचे जलमार्ग बघितले, या काळात तो स्वतः अनेक वेळा समुद्रात मरता मरता वाचला. जुनी जपानी लाकडी जहाजं आणि पाश्चात्त्य बनावटीची जहाजं यातला फरक त्यानं जिवावर बेतून बघितला होता. त्यामुळे १८७८ मध्ये टोकियोच्या त्सुकिजीत त्यानं जहाजांचा कारखाना काढला तो कुणी सल्ला दिला म्हणून काढलेला नाही.

सुरुवातीला ऑर्डरी मिळत नव्हत्या. मग कोबेजवळ ह्योगोला दुसरा यार्ड, १८८६ मध्ये तिथलाच सरकारी कारखाना भाडेपट्ट्यानं घेतला, पुढच्या वर्षी विकतच घेतला. चीन-जपान युद्धात, म्हणजे १८९४-९५ ला, दुरुस्तीची एवढी कामं आली की एकट्या माणसाला ते झेपणारं राहिलं नाही, आणि १८९६ मध्ये त्याची रीतसर कंपनी झाली, कावासाकी डॉकयार्ड. आता घराण्याचं. गादी सांभाळायला मोठा झालेला मुलगा नव्हता, तेव्हा शोझोनं बाहेरचा माणूस बसवला : मात्सुकाता कोजिरो, वय तिशीच्या आसपास, अमेरिकेत शिकलेला, जपानचे पंतप्रधान राहिलेल्या मात्सुकाता मासायोशींचा मुलगा. त्यामुळे टाटांसारखं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं घराणं इथं नाही, नाव तेवढं राहिलं.

या मात्सुकातानं बत्तीस वर्षं कंपनी चालवली, आणि आजची कावासाकी जी आहे तिचा साचा त्याचाच. पहिलं मोठं काम म्हणजे कोबेची सुकी गोदी. जागा होती नदीच्या गाळाची, पाया खणला की पाणी आणि चिखल आत, शेवटी खोलवर लाकडी खांब ठोकून आणि पाण्याखाली काँक्रीट ओतून सहा वर्षांनी, १९०२ मध्ये ती पूर्ण झाली. १९०६ ला ह्योगोत रेल्वेचा कारखाना, इंजिनं, डबे, पुलांचे गर्डर. त्याच वर्षी जपानमध्ये बांधलेली पहिली पाणबुडी. १९१८ ला विमानांचं खातं. म्हणजे बघा, विमान उडायला लागून पंधरा वर्षं होतायत तोवर हा जहाजवाला त्यात उतरला.

पहिल्या महायुद्धात जगभर जहाजांची टंचाई होती. त्यानं गिऱ्हाईक यायच्या आधीच ठरावीक मापाची जहाजं बांधून तयार ठेवायला सुरुवात केली, आणि भाव चढले की विकायची. १९१८ मध्ये राइफुकू मारू नावाचं मालवाहू जहाज त्यांनी अवघ्या ३० दिवसांत बांधून हातात दिलं. पण युद्ध संपलं, भाव कोसळले, जहाजं अंगावर पडली. मग ती जहाजं घालून १९१९ मध्ये वेगळी वाहतूक कंपनी काढली, तीच आजची के लाइन, मोटारींनी भरलेली जी प्रचंड चौकोनी जहाजं बंदरांत दिसतात त्यांच्या अंगावर हे नाव असतं. आता ती स्वतंत्र कंपनी आहे.

आणि त्याच १९१९ मध्ये कामगारांनी पगारवाढीसाठी काम हळू करायला सुरुवात केली, यंत्रापाशी उभे राहायचे पण हात चालवायचे नाहीत, तेव्हा मात्सुकातानं आठ तासांचा दिवस मान्य केला. जपानमधल्या मोठ्या कारखान्यांत हे पहिलंच. कोबेत त्याचं स्मारक आहे. अर्थात दोन वर्षांत, १९२१ ला, कावासाकी आणि मित्सुबिशीच्या गोद्यांमधल्या तीसेक हजार कामगारांचा प्रचंड संप झाला आणि तो मोडला गेला, तेव्हा मालकाला फार पुण्यवान ठरवायची घाई नको.

शेवट वाईट झाला. १९२२ च्या वॉशिंग्टन करारानं युद्धनौका कमी करायच्या ठरल्या, कावासाकीत पाण्यात उतरवलेली कागा रद्द झाली (पुढे नौदलानं तिची विमानवाहू नौका केली, पण ते काम दुसरीकडे गेलं), आणि १९२७ च्या बँकांच्या पडझडीत यांना पैसा पुरवणारी बँकच बंद पडली, जिचा अध्यक्ष मात्सुकाताचा सख्खा भाऊ होता. हजारो कामगार घरी बसले. १९२८ मध्ये मात्सुकातानं खुर्ची सोडली.

टोकियोतल्या एका कलासंग्रहालयाचा या कंपनीशी संबंध आहे असं ऐकलं. खरं आहे का? (निवृत्त चित्रकला शिक्षिका, सावंतवाडी)

हो, आणि हा प्रश्न आल्याचा मला मनापासून आनंद झाला, कारण या कंपनीच्या इतिहासातली ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे.

मात्सुकाता धंद्यासाठी युरोपात जायचा, जहाजांचा पैसा हातात होता, आणि त्यानं चित्रं घ्यायला सुरुवात केली. मोने या फ्रेंच चित्रकाराच्या घरी जाऊन त्याच्याकडूनच चित्रं घेतली, रोदँची शिल्पं घेतली. जपानमधल्या पोरांना, ज्यांना युरोप कधी बघायला मिळणार नाही, त्यांना ही चित्रं प्रत्यक्ष बघता यावीत म्हणून संग्रहालय काढायचं हा त्याचा बेत. शिवाय पॅरिसमधल्या एका जवाहिऱ्याकडून आठेक हजार जपानी छापचित्रं घेऊन त्यानं ती मायदेशी परत आणली.

मग कंपनी डबघाईला आली. जपानमध्ये आलेली चित्रं कर्जापायी लिलावात फुटली. लंडनच्या गोदामात ठेवलेली शेकडो चित्रं १९३९ च्या आगीत जळाली. पॅरिसमधली दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी फ्रेंच सरकारनं शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेतली. मात्सुकाता १९५० मध्ये गेला, त्याला काही बघायला मिळालं नाही. पुढे फ्रान्सनं त्यातली पावणेचारशेच्या आसपास कामं जपानला दिली, अट अशी की ती ठेवायला नीट संग्रहालय हवं, आणि त्यासाठी १९५९ मध्ये टोकियोच्या उएनोत पाश्चात्त्य कलेचं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं. इमारतीचा आराखडा ल कॉर्बुझिएचा, आपल्या चंदीगडचा तोच. २०१६ मध्ये त्याच्या १७ वास्तू एकदम जागतिक वारशात गेल्या, त्यात हे संग्रहालय आणि चंदीगडचा कॅपिटॉल परिसर दोन्ही आहेत.

दुसऱ्या महायुद्धात या कंपनीनं काय केलं? त्याबद्दल कुणी बोलत नाही. (एक वाचक, अमरावती)

बोलायलाच हवं. कावासाकी हेवी इंडस्ट्रीज हे नाव १९३९ मधलं, म्हणजे युद्धाच्या तोंडावरचं. हारुना ही युद्धनौका आधीच यांनी बांधलेली होती, पर्ल हार्बरवर हल्ला करणाऱ्या ताफ्यातली झुइकाकू ही विमानवाहू नौकाही यांचीच, पाणबुड्या होत्या, आणि हिएन हे लढाऊ विमान. जपानच्या बहुतेक विमानांना हवेनं थंड होणारी इंजिनं होती, हिएनला जर्मन परवान्यावरचं पाण्यानं थंड होणारं, आणि ते इतक्या बारकाईनं बनवायची तयारी कारखान्यांत नव्हती, बिघाड फार व्हायचे. १९ जानेवारी १९४५ ला अमेरिकन बी-२९ विमानांनी कोबेजवळच्या आकाशी गावातला इंजिनांचा कारखाना उद्ध्वस्त केला आणि शेकडो विमानांचे सांगाडे इंजिनाशिवाय उभे राहिले, मग त्यांना दुसरं, हवेनं थंड होणारं इंजिन बसवलं तर विमान आधीपेक्षा भरवशाचं निघालं.

पण विमानांच्या कथा सांगताना गोदीत राबलेली माणसं राहून जातात. कोबेच्या गोदीत युद्धकैदी कामाला लावलेले होते, कोरियातून सक्तीनं आणलेले मजूर होते, अपुऱ्या खाण्यावर, बॉम्बहल्ल्यांखाली. कंपनीचा इतिहास कुणी लिहील त्यात हे पहिल्या पानांत यायला हवं, तळटीपेत नाही.

मोटरसायकलीत कसे आले? आणि बजाजशी फाटलं का? (एक वाचक, वाळूज, असेच प्रश्न चाकण, सातारा आणि लातूरहूनही)

युद्ध हरल्यावर जपानला विमानं बनवायलाच बंदी झाली, १९५२ पर्यंत. आता विमानाचं इंजिन बनवणारे इंजिनिअर आणि फिटर यांनी करायचं काय? त्यांनी मोटरसायकलींची इंजिनं बनवायला घेतली, सुरुवातीला दुसऱ्या कंपन्यांना विकायला, आणि पुढे पूर्ण गाडी. मेगुरो नावाची जुनी, नावाजलेली बाइक कंपनी १९६४ मध्ये गिळली. कारखाना कुठला, तर आकाशीचा, तोच बॉम्ब पडलेला. आजही कावासाकीच्या बाइकचं मुख्य ठिकाण आकाशीच आहे.

होंडा छोट्या घरगुती गाड्यांतून वर आली, कावासाकीला ती सवयच नव्हती, यांना ताकद कळत होती. साठीच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेसाठी ७५० सीसीची चार सिलिंडरची गाडी तयार करत होते आणि होंडानं आधी आणली सीबी ७५०. बरेच जण तिथं घाईनं आपली गाडी बाजारात ढकलतील, यांनी थांबून परत आखणी केली आणि १९७२ मध्ये ९०३ सीसीची झेड-वन आणली. तो थांबण्याचा निर्णय मला त्यांच्या बाइकच्या इतिहासातला सगळ्यात शहाणा वाटतो, कारण पुढची पन्नास वर्षं त्या गाडीच्या नावावर निघाली. १९७४ ला अमेरिकेतल्या लिंकन, नेब्रास्का इथं कारखाना काढला, तिथंच पुढे जेट स्की बनायला लागली आणि आता त्याच लिंकनमध्ये न्यूयॉर्क सबवेचे डबेही बनतात.

आता आपल्याकडे. ऐंशीच्या दशकात परदेशी तंत्रज्ञान आणायला सरकारनं दार उघडलं आणि चार जपानी कंपन्या चार भारतीय कंपन्यांबरोबर १०० सीसीच्या गाड्या घेऊन आल्या : हिरो होंडा, टीव्हीएसबरोबर सुझुकी, एस्कॉर्ट्‌सबरोबर यामाहा आणि आकुर्डीच्या बजाजबरोबर कावासाकी. बजाज तोवर स्कूटरवाली, मोटरसायकल तिला नवीन. केबी १०० आली १९८६ ला, टू-स्ट्रोक, खेड्यापाड्यांत दूधवाल्यांपासून ग्रामसेवकापर्यंत सगळ्यांनी तिच्यावर ओझी वाहिली. तुमच्या वडिलांची ती हीच, कोल्हापूरकर. मग फोर-एस चॅम्पियन, १९९७ ला बॉक्सर, १९९८ ला वाळूजमधून कॅलिबर, २००१ ला एलिमिनेटर. आणि त्याच २००१ मध्ये पल्सर, जी बजाजनं स्वतःची म्हणून आणली, टाकीवर कावासाकीचं नाव नाही.

फाटण्याचं कारण त्या पल्सरमध्येच आहे असं मला वाटतं. जे शिकायचं ते शिकून झालं होतं. उलट नंतर फिलिपिन्समध्ये कावासाकीच्या दुकानांत बजाजच्या गाड्या विकल्या जाऊ लागल्या, पल्सर तिथं राउझर नावानं गेली, म्हणजे एकेकाळी पुण्यात शिकवायला आलेली कंपनी पुण्यात बनलेली गाडी विकत होती, आणि याचा अभिमान आपल्याला जेवढा वाटायला हवा तेवढा वाटत नाही. भारतात २००९ ला निंजा २५० आर आली तीही बजाजच्याच प्रोबायकिंग शोरूममधून. पण बजाजचं लक्ष केटीएम या ऑस्ट्रियाच्या बाइक कंपनीकडे गेलेलं होतं, २०१० मध्ये कावासाकीनं स्वतःची भारतीय कंपनी काढली, आणि १ एप्रिल २०१७ पासून विक्रीचं नातं संपलं. भांडण म्हणावं असं काही नव्हतं, दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. कावासाकीचा इथला कारखाना आता चाकणला आहे.

बुलेट ट्रेनच्या खाली तडा गेला होता असं वाचलं. मग मुंबई-अहमदाबादला आम्ही भरवसा कसा ठेवायचा? (एक वाचक, विरार)

तुमचं स्टेशनच त्या मार्गावर आहे, तेव्हा सविस्तर सांगतो.

११ डिसेंबर २०१७. हाकाताहून टोकियोला निघालेली नोझोमी ३४ ही शिन्कान्सेन. गाडी सुटल्यावर थोड्याच वेळात कर्मचाऱ्यांना करपल्याचा वास आला, नंतर वेगळा आवाज. ओकायामाला देखभालीची माणसं चढली, त्यांनीही आवाज ऐकला, त्यांना गाडी थांबवून खाली बघायचं होतं, पण कंट्रोलशी बोलणं असं काही अर्धवट झालं की कुणीच थांबवा म्हणून ठाम सांगितलं नाही, आणि गाडी ओसाका, क्योतो ओलांडून नागोयापर्यंत धावली, हजारेक प्रवासी घेऊन. नागोयाला खाली उतरून बघितलं तर बोगीच्या चौकटीला तडा. आपण डब्याला बोगी म्हणतो, इथं बोगी म्हणजे डब्याखालची चाकं धरणारी लोखंडी चौकट. तडा खालून सुरू होऊन दोन्ही बाजूंनी १४ सेंटीमीटर वर चढला होता, अजून ३ सेंटीमीटर गेला असता तर चौकट तुटली असती. शिन्कान्सेनच्या इतिहासात गंभीर घटना म्हणून नोंद झालेली ही पहिलीच.

चौकट कावासाकीच्या ह्योगो कारखान्यात २००७ मध्ये बनलेली. झालं काय होतं, तर चौकटीच्या खालच्या अंगाला एक तुकडा वेल्डिंग करायचा असतो, त्यासाठी पृष्ठभाग सपाट हवा, पण वाकवलेली प्लेट तेवढी सपाट येत नव्हती. मग कामगारांनी ग्राइंडर मारून ती सपाट केली. ड्रॉइंगप्रमाणे प्लेट किमान ७ मिलीमीटर उरायला हवी, तर एके ठिकाणी ४.७ उरली होती. घासायचं नाही, घासलं तर अर्ध्या मिलीमीटरपर्यंत, हा नियम कागदावर होता, पण ही जागा का महत्त्वाची आहे हे ग्राइंडर धरणाऱ्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं. तो बिचारा काम नीट बसावं म्हणून मेहनत करत होता. आणि नंतर जाडी कुणी मोजली नाही, दहा वर्षं. तपासणीत जेआर वेस्ट या रेल्वे कंपनीच्या १०० आणि जेआर तोकाई या दुसऱ्या रेल्वे कंपनीच्या ४६ बोग्या अशा कमी जाडीच्या निघाल्या, त्या बदलायला घेतल्या.

माझा राग ग्राइंडरवाल्यावर नाही. ज्या कारखान्यानं १९६४ च्या पहिल्या शिन्कान्सेनचे डबे बनवले तिथं सुपरवायझर आणि कामगार यांच्यातलं एवढं साधं बोलणं होऊ नये हे मला अजून पटत नाही. कंपनीनं कबूल केलं, वरिष्ठांनी पगार कापून घेतले, कामाची पद्धत बदलली.

आता भरवशाचं. १९६४ पासून शिन्कान्सेनमध्ये गाडी घसरून किंवा टक्कर होऊन एकही प्रवासी दगावलेला नाही, या घटनेतही नाही. आपला मार्ग ५०८ किलोमीटरचा, ठरल्या होत्या ई-५ जातीच्या गाड्या, ज्या जपानमध्ये हिताची आणि कावासाकी बनवतात, पुढे ई-१० ही नवी पिढी आणायचं ठरलं. गाडी चांगलीच येईल. आपण मागायची ती गोष्ट वेगळी आहे : वास आला, आवाज आला म्हणून गाडी थांबवणाऱ्या कनिष्ठ कर्मचाऱ्याला उशिराबद्दल कुणी जाब विचारणार नाही, अशी लेखी हमी. जपानमध्ये त्या दिवशी कमी पडली ती तीच, आणि ती डब्याबरोबर पेटीत घालून येत नाही.

जपानी कंपन्या प्रामाणिक असतात हे आपलं गृहीतक आता सोडावं का? (एक वाचक, ठाणे)

गृहीतक कुठल्याच देशाबद्दल नको. २०२४ मध्ये याच कंपनीचे दोन प्रकार बाहेर आले. एक, कोबेत पाणबुड्यांच्या दुरुस्तीत पोटकंत्राटदारांबरोबर खोटे व्यवहार दाखवून कोट्यवधी येन बाजूला काढलेले आणि त्यातून नौदलाच्या लोकांना वस्तू, खाणंपिणं पुरवलेलं, आणि हे दशकानुदशकं चाललेलं. दुसरा, जहाजांच्या मोठ्या इंजिनांच्या चाचणीत इंधनाचे आकडे फिरवलेले : २००० सालापासूनच्या ६७४ इंजिनांपैकी ६७३. हे एखाद्या माणसाचं काम नाही, ही सवय आहे. जपानमध्ये पाणबुडी कोबेशिवाय कुठं बनतच नाही, ती पण कावासाकी आणि मित्सुबिशी या दोघांकडेच, गिऱ्हाईक एक, बनवणारे दोन, सगळे एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारे, अशा ठिकाणी हिशेब बघायला बाहेरचा माणूस लागतोच.

पैसा नक्की कशात मिळतो? शेअर घ्यावा का? (एक वाचक, नाशिक)

शेअरचा सल्ला या सदरात देत नाही. धंद्याचं सांगतो. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात विक्री २ लाख कोटी येनच्या थोडी वर. सगळ्यात मोठे दोन भाग म्हणजे बाइक-जेट स्की-चारचाकी ऑफ-रोड गाड्या, आणि विमानं. बोइंग ७८७ च्या पुढच्या धडाचा एक भाग कावासाकी नागोयाजवळ बनवते आणि तो खास फुगीर मालवाहू विमानानं अमेरिकेत जातो, एअर इंडियाच्या ड्रीमलायनरमधून गेला असाल तर त्या भागात बसलाही असाल. जपाननं संरक्षणावरचा खर्च वाढवल्यापासून पी-१ गस्ती विमान, सी-२ मालवाहू विमान, पाणबुड्या यांना जोर आलाय. व्यापारी जहाजांची बांधणी मात्र बरीचशी चीनमधल्या भागीदारीतल्या यार्डांत गेली. रोबोंचा धंदा जुना, १९६९ मध्ये जपानमध्ये बनलेला पहिला औद्योगिक रोबो यांचा, अमेरिकन युनिमेशनच्या परवान्यावर. आता चिप कारखान्यांत वेफर, म्हणजे ज्यावर चिप बनते त्या सिलिकॉनच्या चकत्या, उचलणाऱ्या रोबोंत ते मोठे आहेत, आणि सिस्मेक्स या वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीबरोबर भागीदारीत हिनोतोरी हा शस्त्रक्रियेचा रोबो बनवला, २०२० ला त्याला जपानमध्ये मंजुरी मिळाली. २०२१ मध्ये रेल्वे आणि बाइक या दोन वेगळ्या उपकंपन्या केल्या, म्हणजे प्रत्येकीला आपले निर्णय लवकर घेता यावेत.

हायड्रोजनचं जहाज हा काय प्रकार आहे? (भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिका, पणजी)

सुइसो फ्रंटियर. जगातलं पहिलं द्रवरूप हायड्रोजन वाहणारं जहाज, ११६ मीटर लांब, टाकी १,२५० घनमीटरची. हायड्रोजन उणे २५३ अंशांवर द्रव होतो आणि त्याचा आकार आठशे पटींनी कमी होतो, म्हणून एवढा खटाटोप. टाकी दुहेरी भिंतीची, मधे निर्वात पोकळी. हे ज्ञान यांच्याकडे दोन वाटांनी आलंय : १९८१ ला जपानमध्ये बांधलेलं पहिलं एलएनजी, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू वाहणारं जहाज गोलार स्पिरिट यांचं, जिथं उणे १६२ अंश सांभाळायचे होते, आणि तानेगाशिमाच्या रॉकेट तळावरच्या हायड्रोजनच्या टाक्याही यांच्याच.

२०२२ च्या सुरुवातीला ते ऑस्ट्रेलियातल्या हेस्टिंग्जला जाऊन हायड्रोजन घेऊन फेब्रुवारीत कोबेला परत आलं. तिथं असताना वायू जाळायच्या यंत्रणेतून क्षणभर ज्वाळा निघाली होती, कुणाला इजा झाली नाही, पण चौकशी झाली. मला खटकतं ते वेगळं. तो हायड्रोजन व्हिक्टोरिया राज्यातल्या हलक्या तपकिरी कोळशापासून काढलेला होता. त्या प्रक्रियेत निघणारा कार्बन डायऑक्साइड जमिनीत पुरायची योजना होती, प्रत्यक्ष चाचणीत तो पुरला गेला नाही. कोळशातून काढून वर त्याला स्वच्छ इंधन म्हणायचं हे मला मान्य नाही, आणि ऑस्ट्रेलियातही याला विरोध झाला. २०२४ च्या अखेरीस कावासाकीनं पुढच्या चाचणीसाठी तिथला हायड्रोजन सोडून जपानमधलाच घ्यायचं ठरवलं. जहाजाचं तंत्र मात्र खरं आहे, ते काम करून दाखवलंय, आणि हायड्रोजन कुठूनही आला तरी तो वाहायला ते लागणारच. तुमच्या विद्यार्थ्यांना गणित द्यायचं असेल तर हे द्या : एवढी थंड ठेवलेली टाकी, बाहेर विषुववृत्ताची उष्णता, दोन आठवड्यांचा प्रवास, किती द्रव उकळून जाईल.

मुलगा ओसाकात नोकरीला आहे, आम्ही एप्रिलमध्ये जातोय. यातलं काही बघता येईल का? (एक आजोबा, डोंबिवली)

येईल. ओसाकाहून कोबे जलद लोकलनं अर्ध्या तासाच्या आत. बंदरावर मेरिकेन पार्कमध्ये कोबे सागरी संग्रहालय आहे, त्याच इमारतीत कावासाकी वर्ल्ड. शिन्कान्सेनच्या पहिल्या पिढीचा, तो गोल नाकाचा डबा आत ठेवलाय, त्यात चढता येतं, जुन्या-नव्या बाइक आहेत, हेलिकॉप्टर आहे, रोबो आहेत. सोमवारी साधारणपणे बंद असतं, तेव्हा मुलाला आधी वेळ बघायला सांगा. तिथून पायी हार्बरलँडकडे गेलात की आठ तासांच्या कामाचं स्मारक तिथंच, आणि पाण्यापलीकडे कावासाकीची गोदी दिसते, काही वेळा पाणबुडीही उभी असते.